पदूकाका आणि चिमणीची खोकी

आमच्या शेजारचे पदूकाका नव्याकोऱ्या लाकडी खोक्याला सायकलच्या साखळीने झोडपत बसायचे.

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, खोक्यात उंदीर शिरला असेल. शिलाईचं मशीन तसंच सोडून मी बाहेर आले. काका ओट्यावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात चिमणीला राहता येईल एवढं खोकं; समोर गोल भोक, वर उतरतं छप्पर. एक फटका मारायचे, खोकं फिरवायचे, एक डोळा मिटून बघायचे, की पुन्हा फटका.

"काका, काय करताय?"

"जुना करतोय."

"कशाला?"

"कालच केला ना. लय नवा दिसतो."

आमचं गाव मुरबाड तालुक्यातलं. त्या वर्षांत गावाला नव्याची घाई झाली होती. बाजारातून घरोघर प्लास्टिकच्या खुर्च्या येत होत्या, कौलं उतरवून स्लॅब पडत होते, तांब्याचे हंडे मोडीत घालून लोक स्टीलचे पिंप आणत होते. अशा गावात एक माणूस नवं खोकं जुनं दिसावं म्हणून घाम गाळत होता. लोक म्हणायचे, गिरणी बंद पडली आणि पदूचं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं. काकांना हेवा झाला होता.

आपल्याला सर्दी होते तसा काकांना हेवा व्हायचा. आधी कान लाल व्हायचे. मग ते पाणी मागायचे, पण प्यायचे नाहीत. मग तांब्या खाली ठेवून म्हणायचे, "त्यात काय हाय यवढा?" आणि उठायचे. ते उठले की शेजाऱ्यांनी आपापल्या वस्तू सांभाळायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा काका ज्या भातगिरणीत मिस्त्री होते ती बंद पडलेली होती. त्यांचे हात मोठे, बोटं जाड, आणि त्या हातांना दिवसभर काही काम नाही. त्यामुळे हेवा झाला की तो सगळा हातांत उतरायचा. खालच्या आळीत एकाने म्हसा गावच्या जत्रेतून बैलजोडी आणली. शिंगं रंगवलेली, टोकांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरं. गाव बघायला लोटलं. काकांकडे बैल नव्हते. संध्याकाळी त्यांची शेळी आमच्या अंगणात आली ती शिंगं लालभडक रंगवून, टोकांना सोड्याच्या बाटलीची बुचं ठोकून. शेळीला काय वाटलं कोण जाणे, पण बरेच दिवस ती मान खाली घालूनच चरत होती.

एका गणपतीत कोणाच्या तरी घरी थर्माकोलचं देखणं मखर झालं. काकांनी त्याहून मोठं केलं. इतकं मोठं, की ते दारातून आत जाईना. गणपती ओट्यावर बसले. पाऊस तिरपा आला की काका स्वतः छत्री घेऊन देवाच्या बाजूला उभे राहायचे आणि आरतीला आलेल्यांना सांगायचे, "ह्याला मोकळी हवा लागते."

पण कमाल केली ती माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. त्यांचं अपेंडिक्स काढलं, भेटायला माणसांची रीघ. काकाही आले. सासऱ्यांनी कौतुकाने टाके दाखवले. काकांचे कान लाल झाले. त्यांनी पाणी मागितलं. मग लेंग्याचा पाय गुडघ्यापर्यंत ओढून, गिरणीच्या पट्ट्यात पाय अडकला होता त्याचा व्रण दाखवला आणि म्हणाले, "त्यात काय हाय यवढा? तुमी तर निजलेले होतात. मला जागेपणी शिवलाय." सासरे आजारपण विसरून तावातावाने भांडले. डॉक्टरांच्या औषधापेक्षा त्याच भांडणाने त्यांना लवकर हुशारी आली, असं सासूबाई म्हणायच्या.

आता खोक्याचं.

गावाबाहेर मुंबईच्या एका कुटुंबाने जागा घेऊन बंगला बांधला. तिथल्या बाईंकडे काकांची बायको, इंदूकाकी, दूध पोचवायच्या. काकी बारीक, चटपटीत, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता बाजूला बघणाऱ्या. एक दिवस दूध घालून आल्या त्या थेट माझ्या दारात. बोलत माझ्याशी होत्या, पण आवाज पलीकडच्या ओट्यापर्यंत जाईल असा.

"गो शोभा, त्या बंगल्यात काय टांगलाय माहिताय? चिमणीचा खोका! पोरीनं परदेशातनं धाडला. तिकडं थंडी सरली का वसंतात दाराला लावतात म्हणं. रंग उडालेला, खालचा निळा वरच्या पांढऱ्यातनं डोकावतोय, पत्र्याला गंज, कडंनं कापडाची फुलं. असा वाटतो का आजीच्या आजीनं टांगलाय. बघतच ऱ्हावं!"

पलीकडून आवाज आला, "इंदे, पाणी दे गो जरा."

तीन-चार दिवसांत काकांचं खोकं तयार झालं. आंब्याच्या पेटीच्या फळ्या, तासून गुळगुळीत केलेल्या. वर चकचकीत तैलरंग, हिरवा आणि पिवळा. पुढे कमळ. कमळाखाली 'सुस्वागतम'. काकींनी हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"टेम्पो वाटतोय," त्या म्हणाल्या. "तिचा जुना हाय. हा नवा हाय."

इथून काका जुनेपणाच्या मागे लागले. रंग न दिलेलं नवं खोकं केलं; त्याला साखळीचे फटके ही पहिली पायरी. नुसत्या फटक्यांनी लाकूड मार खाल्लेलं दिसे, म्हातारं दिसेना. मग ते डोळखांबकडे ओळखीच्या माणसाकडे जाऊन पिशवीभर हिरडा घेऊन आले. हिरड्याचं पाणी लाकडाला पाजायचं, त्यावर चिंचेच्या कोळात भिजवलेल्या गंजक्या खिळ्यांचं पाणी फिरवायचं. बघता बघता पांढरी फळी पावसाळे खाल्ल्यासारखी करडी पडायची. मग निळा हात. तो वाळला की कडांना मेणबत्ती घासायची. त्यावर पांढरा हात. आणि तोही वाळला की काचकागदाने घासायचं. मेण लावलेल्या जागी पांढरा निघून जायचा आणि निळा हळूच वर यायचा. हे साधलं त्या दिवशी काका खोकं घेऊन गल्लीतून दोन फेऱ्या मारून आले. कोणी विचारलं नाही, तरी "आता झालाय म्हातारा" असं सांगत होते.

पण खरा उच्छाद पुढेच होता. जुन्या खोक्याला जुनं सामान हवं. काका घरोघर फिरायला लागले. कोणाची गंजकी कडी, कोणाच्या मोडक्या ट्रंकेची पट्टी, कोणाच्या सायकलची मुकी घंटी. चोरायचे नाहीत, बदल्यात नवी वस्तू द्यायचे. आमच्या मागच्या दाराचा कोयंडा काढून त्यांनी नवा चकाकता बसवून दिला. सासूबाई हरखल्या, चहा केला. दुसऱ्या दिवशी आमचा जुना कोयंडा एका खोक्याच्या चिमुकल्या दाराला दिमाखात बसलेला दिसला, आणि तिथे तो इतका देखणा दिसत होता की सासूबाईंना नवा डोळ्यांसमोर नको झाला. "आपलाच होता गो तो," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. हळूहळू अख्ख्या आळीचं तेच झालं. सगळ्यांच्या दारांना नव्या कड्या, आणि सगळ्यांची नजर काकांच्या ओट्यावर, आपापल्या जुन्या कडीवर. अशी जळकी आळी मी दुसरी पाहिली नाही.

पाडव्याच्या सकाळी काकांनी ओट्याच्या वाशाला ओळीने खोकी टांगली. एकाचं छप्पर गंजक्या पत्र्याचं, एकाचं कौलाच्या तुकड्यांचं, एकाला जुन्या कंदिलाची जाळी. कापडाची फुलं त्यांना पसंत नव्हती. "मेलेली फुला कशाला?" म्हणून रानातून पळस आणि पांगारा तोडून आणला होता, करवंदीच्या पांढऱ्या फुलांचे तुरे कडेने खोवले होते. मध्ये गुढी, तिच्या दोन्ही बाजूंना लालपांढरं हे सगळं. शहापूरहून पाहुणे आलेले, ते ज्यांच्याकडे आले त्यांच्या घरी जायचं सोडून इथेच उभे. बंगल्यातल्या बाई गाडी थांबवून उतरल्या. एकेक खोकं निरखत म्हणाल्या, "काका, हे माझ्या खोक्यापेक्षा सुंदर आहे हो! कुठून मिळालं?"

"मिळालं नाय. झालं," काका म्हणाले, पण बघत होते काकींकडे.

काकी पुरणाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी खोक्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाईंच्या खोक्याचा छप्पर फुडं आलाय. ह्याचा आखूड हाय. पाऊस आत जायाचा."

काकांनी पुरणपोळी अर्धी टाकली आणि करवत काढली.

छपरं पुढे आली. तरी दुखणं संपेना, कारण बंगल्यातल्या खोक्यात पक्षी राहायला आला. काळापांढरा, शेपटी उडवणारा. बाईंनी त्याचं नाव दयाळ सांगितलं. काकांच्या खोक्यांकडे मात्र कोणी फिरकेना. एखादी चिमणी यायची, भोकात डोकं घालायची आणि रंगाचा वास आला की निघून जायची. काका ओट्याखालून तिला सुनावायचे, "अगो बाई, त्यांच्याकडं नळाला पाणी पण नाय येत!"

पुढच्या चैत्रात रंगाचा वास गेला आणि दयाळाची एक जोडी कौलाच्या छपराच्या खोक्यात शिरली. झालं! काकांनी आळीला शिस्त लावली. ओट्याजवळून जाताना चपला हातात. माझं मशीन दुपारी बंद. दळणाचा डबा आपटला म्हणून एका बाईला त्यांनी असा काही डोळा दाखवला की ती महिनाभर दुसऱ्या वाटेने गेली. मादी आत बसायची आणि नर पहाटे छपराच्या टोकावर उभा राहून गायचा. काय गायचा! आळीतली माणसं चुलीपुढचं काम टाकून ऐकत राहायची.

एक दिवस इंदूकाकी तांब्या हातात घेऊन तशाच थबकल्या. "काय गळा हाय गो," त्या म्हणाल्या. "ऐकत ऱ्हावं असा."

मी काकांकडे बघितलं. कान लाल.

खोकं स्वतः केलेलं, पक्षी स्वतः नवसाने आणलेला, आणि आता ह्या माणसाला त्याच पक्ष्याचा हेवा! त्याच आठवड्यात काका भजनी मंडळात दाखल झाले. जन्मात कधी टाळ हातात धरला नव्हता. पहाटे दयाळ छपरावर, काका छपराखाली. तो एक लकेर घ्यायचा, हे एक अभंग घ्यायचे. तो थांबायचा, मान वाकडी करून खाली बघायचा आणि जास्त जोरात गायचा. आमचे सासरे गोधडीतून ओरडायचे, "पदू, अरे तो निदान सुरात गातो रे!"

त्या दिवसांत एकदा मी काकींना म्हणाले, "काकी, एकदा तरी चांगलं म्हणा की. किती राबतात तुमच्यासाठी."

काकी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, काका घरात नाहीत याची खात्री केली.

"गिरणी बंद झाली ना गो, तवा हा माणूस ओट्यावर बसला तो बसलाच. जेवा म्हटला तर जेवायचा, निजा म्हटला तर निजायचा. भांडायचा नाय, बोलायचा नाय. भिताडाकडं बघून बसायचा. मला लय भ्या वाटला. एकदा सहज बोलून गेले, शेजारच्या वालाचा मांडव काय सुरेख झालाय. तर उठला! आपणहून उठला आणि कोयता घेतला." त्या हसल्या. "मंग मला कळला. ह्याला चांगला म्हटला का हा बसणार. दुसऱ्याला चांगला म्हटला का उठणार. तवापासनं मी रोज कोणाचा ना कोणाचा कौतुक करते. कधी कधी गावात कौतुक करावा असा काय उरतच नाय गो. लय पंचाईत होते."

"म्हणजे मामंजींचं ऑपरेशन..."

"तर! तुझ्या सासऱ्याचा टाका काय देखणा आलाय, असा मीच बोलले."

मी हसले. मग एकेक आठवत गेलं. म्हणजे बैल, मखर, बंगला, दयाळ यांतल्या कशाचाच हेवा काकांना नव्हता. काकींची नजर ज्या वस्तूवर गेली ती वस्तू आपण व्हायचं, एवढंच त्या माणसाचं चाललं होतं.

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांच्यासमोर सहज म्हटलं, "समोरच्यांकडे काय सुंदर कपाट आलंय."

हे म्हणाले, "मग बघून ये ना."

त्यानंतर बरीच वर्षं काकांची खोकी दर चैत्रात टांगली जात राहिली. लांबून माणसं बघायला यायची, मागायची, काका द्यायचे नाहीत. बंगल्यातल्या बाईंना मात्र एक दिलं, तेही "तुमच्याकडचा छप्पर आता जुना झाला" असं ऐकवून. दरवेळी काकी काहीतरी उणं काढायच्या, आणि काका पुढच्या वर्षाच्या कामाला लागायचे.

मग एका माघात काकी गोठ्यात दूध काढता काढता कलंडल्या. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. कल्याणच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा काका खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेले होते, समोरच्या भिंतीकडे बघत. मी मुद्दाम म्हटलं, "काका, शहापूरला एकाने काय सुंदर खोकी केलीत म्हणे."

"असंल गो," ते म्हणाले. "चांगली असतील."

हेवा नसलेले पदूकाका मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि मला रडू आलं.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचा नवरा रोज सकाळी तिची वेणी घालायचा. काकी पडल्या पडल्या ते बघायच्या. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं. शब्द जुळवायला वेळ लागला.

"बग... तो... काय सुरेक... वेनी घालतो."

स्टुलावर हालचाल झाली. काकांनी पाणी मागितलं.

त्या मिस्त्रीच्या हातांनी आयुष्यात केस विंचरले नव्हते. आधी त्यांनी खाटेच्या गजाला काथ्याचे तीन पेड बांधून सराव सुरू केला. नर्स ओरडली. मग जिन्याच्या कठड्याला बांधले, तिथून वॉचमनने हाकललं. शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्याला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. नुसतं त्याच्या बोटांकडे टक लावून बघत राहायचे, इतकं की त्या बिचाऱ्याचे पेड चुकायचे. काकींना घरी आणलं तेव्हा काकांना वेणी येत होती. थोडी सुंभासारखी, पण वेणीच.

त्या पाडव्याला एकही खोकं टांगलं गेलं नाही. बंगल्यातल्या बाई चौकशीला आल्या. काका काकींना खुर्चीवर बसवून मागे उभे होते, तोंडात कंगवा. त्यांनी कंगवा काढून सांगितलं, "जरा थांबा बाई. वेणी चाललीय." बाई थांबल्या. अख्खी आळी रोज तेवढा वेळ थांबायची.

असंच एका सकाळी मी पेज घेऊन गेले. वेणी होऊन गेली होती. सरळ, घट्ट, खाली लाल रिबन. काकींनी ती डाव्या हाताने पुढे ओढली, निरखली आणि जड जिभेने म्हणाल्या, "कल्यानचा तो... सरळ घालायचा. ही... वाकडी गेलीय."

वेणी वाकडी गेली नव्हती. मी शिवणकाम करणारी बाई, रेघ सरळ की वाकडी एवढं मला कळतं.

काकांनी काकींच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. नुसती भुवई उडवून विचारलं, सरळच हाय ना गो? मी मान हलवली. तसे ते गालातल्या गालात हसले. असं हसले, की मला कळलं, आज नव्हे, पहिल्या वालाच्या मांडवापासून ह्या माणसाला सगळं ठाऊक आहे.

त्यांनी रिबन सोडली. एकेक पेड हळूहळू मोकळा केला. काकींनी डोळे मिटले आणि मान मागे त्यांच्या हातांत सोडून दिली.

मी पेज झाकून ठेवली आणि घरी येऊन मशीनवर बसले. एका ब्लाउजला बाह्या लावायच्या होत्या. पहिलीच बाही उलटी लागली. ती उसवत बसले, पण नजर सारखी पलीकडच्या ओट्याकडे जात होती. कोणाचा इतका हेवा मला उभ्या जन्मात वाटला नव्हता.